सीसी वाढवून गाडी खरंच पळते का?

आधी एक कबुली. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सुधारल्या असतील अशी आशा आहे. तांत्रिक चुका मात्र माझ्या. त्यातली एक मी आधीच करून बसले होते, तिचीच ही गोष्ट.

माझा मामेभाऊ अमेरिकेत मिशिगनमध्ये असतो. त्याने तिथे एक जुनी होंडा ४०० ईएक्स घेतली. ही एटीव्ही. म्हणजे चार जाडजूड टायर, मोटारसायकलसारखं हँडल आणि मध्ये घोड्यावर बसल्यासारखं बसायचं. आपल्याकडे हिल स्टेशनला पैसे भरून दोन चकरा मारायला मिळतात ना, त्याच जातीची, पण ही स्पोर्टवाली. मॅन्युअल क्लच, मागे चेन, आणि ओढायला फक्त मागची दोन चाकं.

एका रविवारी दादाचा फोन आला. "तू मेकॅनिकलला आहेस ना? माझी गाडी चढाला मरते गं. ४४० चं किट बसवू का?" मी एका सेकंदात म्हटलं, "बसव की. सीसी जास्त तर पॉवर जास्त." इतका आत्मविश्वास मला व्हायवाला कधी सुचत नाही! फोन ठेवला आणि मग मनात आलं, किट, मशीनिंग, गॅस्केट, सगळं धरून खर्च शेकडो डॉलर्सचा. आणि माझा आधार काय, तर एक वाक्य. म्हणून कॅल्क्युलेटर काढला.

मूळ इंजिनचा बोर ८५ मिमी, स्ट्रोक ७० मिमी. गुणाकार केला की ३९७ सीसी येतात. '४४०' म्हणून जे किट विकतात त्यात ८९ मिमीचा पिस्टन असतो. स्ट्रोक तोच. गणित करून बघा, ४३५ च्या आसपास येतं. (४४० हा आकडा बॉक्सवर जास्त छान दिसत असावा.) म्हणजे वाढ झाली ९.६ टक्के. नवीन सिलिंडर जुन्याइतकाच नीट भरला, तर टॉर्कसुद्धा साधारण ९.६ टक्क्यांनी वाढेल.

आता या 'तर'मध्येच सगळी गंमत आहे. इंजिन म्हणजे शेवटी हवेचा पंप. पिस्टन मोठा केला, पण व्हॉल्व्ह तेच, पोर्ट तेच, कार्ब्युरेटर तोच. कमी आरपीएमला हवेला आत यायला भरपूर वेळ असतो, म्हणून तिथे मोठा सिलिंडर पूर्ण भरतो आणि फायदा खरोखर मिळतो. वर मात्र दार तेवढंच राहतं आणि खोली मोठी होते. समजा जुन्या इंजिनचा श्वास ७००० आरपीएमला अडायला लागत होता, तर नव्याचा तेवढ्याच हवेवर ६४०० च्या आसपासच अडेल. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले वेग. त्यामुळे शिखराची उंची फारशी वाढत नाही, ते नुसतं डावीकडे सरकतं. गाडी खालून जोरात उठते, पण टॉप एंडला "एवढंच?" असं वाटतं. त्याच्या पुढे जायचं तर कॅम, कार्ब, एक्झॉस्ट असं एकेक बदलत जावं लागतं, आणि बिलही वाढत जातं.

उलट उदाहरण यामाहाचं. रॅप्टर ६६० चा बोर १०० मिमी आणि स्ट्रोक ८४. त्याच कंपनीची २००४ ची वायएफझेड ४५० म्हणजे प्रत्यक्षात ४३९ सीसी, बोर ९५ आणि स्ट्रोक फक्त ६२. आता पिस्टनचा सरासरी वेग दोन्हीकडे सारखा ठेवायचा ठरवलं, तर रॅप्टर ८००० आरपीएमला असताना छोटी गाडी साधारण १०,८०० ला फिरू शकते. सीसी आणि आरपीएमचा गुणाकार केला तर दिसतं, की दोन-तृतीयांश सीसीचं इंजिन जवळजवळ ९० टक्के हवा ओढू शकतं. मी हे तीनदा तपासलं, कारण मलाच खरं वाटेना.

आणि २००६ ला रॅप्टर ७०० आली तेव्हा तिचा बोर किती वाढला होता? दोन मिमी. म्हणजे ६८६ सीसी, फक्त ४ टक्के. पण सोबत कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं आणि चॅसी नवीन आली. नावात मोठा झाला तो फक्त आकडा. आपल्याकडच्या बाहा स्पर्धेचंही तेच. २००७ ला ती सुरू झाली, आणि कित्येक वर्षं पिथमपूरला सगळ्या टीम्स तेच सीलबंद ३०५ सीसी, १० एचपीचं इंजिन घेऊन उतरल्या. तरी पहिल्या आणि शेवटच्या गाडीत जमीन-अस्मानाचा फरक पडायचाच.

किटची बाकीची किंमतही आहे. हेडमधली जागा तीच आणि सिलिंडर मोठा, म्हणून कॉम्प्रेशन आपोआप चढतं. मूळ ९.१ ला १ आहे, ते फ्लॅट पिस्टन टाकला तरी ९.९ च्या जवळ जातं. फुगीर माथ्याचा पिस्टन असेल तर आणखी वर, आणि मग नॉकिंग टाळायला महाग पेट्रोल. (तिकडच्या पंपावर ८७ ऑक्टेन लिहिलेलं बघून दचकू नका, त्यांची मोजायची पद्धत वेगळी आहे. त्यांचं ८७ म्हणजे साधारण आपलं ९१.) शिवाय हे इंजिन एअर कूल्ड. जाळ वाढला, पण फिन्स तेवढ्याच.

एवढं सगळं लिहून झाल्यावर मी दादाला पुन्हा फोन केला आणि पहिल्या फोनवर जे विचारायला हवं होतं ते विचारलं. "दादा, मागचे टायर किती इंची आहेत?"

"बावीस. आधीच्या मालकाने टाकलेत. काय भारी दिसतात!"

कंपनीने या गाडीला मागे २० इंची टायर दिलेले होते. टायर मोठा झाला की तोच टॉर्क जास्त लांब त्रिज्येवर जातो आणि जमिनीवरचा रेटा कमी होतो. २० भागिले २२, म्हणजे ९ टक्के रेटा तिथेच गेला. आता १.०९६ ला ०.९०९ ने गुणा. उत्तर ०.९९६! म्हणजे ४४० चं पूर्ण किट बसवून माझा भाऊ बरोबर तिथे पोचणार होता, जिथे होंडाने गाडी कारखान्यातून सोडली होती. आणि मी त्याला "बसव की" म्हणाले होते.

मग फोनवरच यादी केली. २० इंची टायर परत लावायचे. पुढचं स्प्रॉकेट १५ दातांचं आहे, ते १४ चं करायचं. १५ भागिले १४ म्हणजे चाकावर ७ टक्के जास्त टॉर्क, तोही किटच्या मानाने किरकोळ खर्चात. अर्थात फुकट काही नाही, प्रत्येक गिअरमध्ये वेग तेवढाच कमी होणार. पण जंगलातल्या ट्रेलवर टॉप स्पीड लागतो कुणाला? तिसरा उपाय मी जरा घाबरतच सांगितला. गाडी साधारण १७० किलो, दादा ९५. ९.६ टक्क्यांचा फायदा वजनातून काढायचा तर २३ किलो उतरवावे लागतील. त्यावर मामीचा आवाज आला, "मी हेच सांगतेय दोन वर्षं!" फोन स्पीकरवर होता.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे लिहायला हवी. स्प्रॉकेट टॉर्क वाढवतं, पॉवर नाही. मिशिगन सरोवराच्या काठी सिल्व्हर लेक नावाचे मोठे वाळूचे डोंगर आहेत. दादा वर्षातून एकदा तिथे जातो. वाळू सतत मागे ओढते, आणि वेग पडला की चाकं रुततात. तिथे रेटा आणि वेग दोन्ही एकदम लागतात, म्हणजे पॉवरच लागते. गिअरिंगची चलाखी तिथे चालत नाही. अशा जागी मधल्या आरपीएमला जादा सीसीचा खरा उपयोग होतो. वाळूवाल्यांचा मोठ्या इंजिनचा हट्ट वेडेपणाचा नाही.

दादाने टायर आणि स्प्रॉकेट बदलले. चेनही नीट ताणून घेतली. ज्या चढावर पहिल्या गिअरला यावं लागायचं तो आता दुसऱ्यात चढतो, असं त्याने कळवलं. वजनाचं विचारलं तर विषय बदलला. आणि किट? ते अजून त्याच्या ऑनलाइन कार्टमध्ये पडून आहे. सिल्व्हर लेकला जायच्या आधी पुन्हा फोन करतो म्हणालाय.