गिअर गेला, पट्टा आला



या पानावर नेहमी बेणे, खत, पाणी यांविषयी लिहितो. या खेपेस लोखंडाविषयी लिहीत आहे. लागणीच्या नोंदी घेत फिरताना आपल्या एका सभासदाच्या वस्तीवर थांबलो, तर गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या खोलीत बाप-लेक एकमेकांशी बोलेनासे झालेले. मधे टेबलावर छोटे मिलिंग मशीन, डोके उघडलेले, आणि खाली प्लास्टिकच्या गिअरचे मोडके दात.

"सायेब, तुम्हीच सांगा ह्याला. तिसऱ्यांदा दात गेलं. आता इकून टाक म्हणतोय."

मुलगा आयटीआयचा फिटर. हे जुने मशीन घेतले ते दुभती म्हैस विकून, हे अण्णा मला दोनदा ऐकवून मोकळे झाले. पण पोराचे कामही खोटे नव्हते. आसपासच्या वस्त्यांवरच्या पंपाच्या शाफ्टला, कडबाकुट्टीच्या पुलीला तो चावीची खाच पाडून देतो. नाहीतर तेवढ्यासाठी तालुक्याला हेलपाटा, आणि तोवर उभा ऊस पाण्यावाचून.

दात का मोडतात? कटर लोखंडात रुतला की तो थांबतो. मोटर मात्र जोर लावतच राहते. मग मधे जे कच्चे असेल ते तुटते. रोटाव्हेटरच्या पीटीओ शाफ्टला आपण शिअर बोल्ट लावतो तो याचसाठी. दगड लागला तर बोल्ट तुटावा, गिअरबॉक्स वाचावा. इथे गिअरच बोल्टाचे काम करीत होता. धातूचा गिअर घालावा म्हटले तर आवाज वाढतो आणि मोडायची पाळी पुढच्या भागावर जाते. या वेळी तर दातांबरोबर वेग कमीजास्त करणारे कार्डही जळाले होते.

"पट्ट्यावर घेतो," पोरगा म्हणाला. अण्णांनी माझ्याकडे पाहिले. मी आहे शेतकी पदविकेचा माणूस, पण इंजिनावरचे पट्टे लहानपणापासून हाताळलेले. म्हटले, "अण्णा, पंधरा दिवस द्या त्याला."

घरात अर्ध्या अश्वशक्तीची, मिनिटाला 1440 फेऱ्यांची सिंगल फेज मोटर पडून होती. मधले गिअर काढून टाकले. मोटरला दोन टप्प्यांची पुली, 2 इंची आणि 3 इंची. कटरच्या दांड्याला वरच्या टोकाशी दुसरी, 4 इंची आणि 3 इंची. हिशेब आपल्या पंपाचाच. मोटरच्या फेऱ्या गुणिले तिची पुली, भागिले दुसरी पुली. 2 वरून 4 वर पट्टा टाकला की 720 फेऱ्या, 3 वरून 3 वर टाकला की 1440. दोन्ही जोड्यांची बेरीज 6 इंच ठेवली, म्हणून तोच पट्टा दोन्हीकडे बसतो. ही युक्ती पोराचीच, मला सुचली नसती.

8 मिलिमीटरचा कटर 720 फेऱ्यांनी फिरला तर त्याची धार मिनिटाला साधारण 18 मीटर चालते. साध्या पोलादाला ते मानवते. मोठ्या कटरला मात्र फेऱ्या याहून कमी लागतात, आणि तेवढ्या या जोडणीत मिळत नाहीत. जाड काम तालुक्यालाच न्यावे लागते, हे त्याने स्वतःहून कबूल केले.

चुका झाल्याच. पहिला पट्टा कुट्टीचा, ए मापाचा घातला. त्याला निदान 3 इंची पुली हवी. 2 इंचीवर वळताना तो तापला आणि त्याला चिरा पडल्या. मग झेड मापाचा, 10 मिलिमीटर रुंदीचा आणला. दुसरी चूक मोठी. मोटर मशीनच्या खांबाला बसवली. डोके खाली घेतले की पट्टा तिरका होऊन उडायचा. मोटर वरखाली सरकणाऱ्या डोक्यालाच हवी. तशी बसवली, तर वजनाने डोके खाली येऊ लागले. अखेर मागे मोटेसारखे चाक लावून तारेने वजन टांगले. अण्णा तेवढ्यावर पहिल्यांदा हसले. त्यांची मोट त्यांना आठवली असावी.

ताण किती ठेवावा? दोन पुल्यांच्या मधोमध बोटाने दाबावे. फूटभर अंतराला पट्टा 5 मिलिमीटरच्या आसपास दबला की पुरे. फार ताणला तर बेअरिंग तापते. पट्टा खाचेच्या दोन्ही बाजूंना धरतो. तळाला टेकत असेल तर घसरणारच. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत की नाही ते दोरा धरून पाहावे.

एवढे सगळे करून पट्ट्यावर झाकण नव्हते! मी हट्ट धरला. माझ्या डाव्या करंगळीला नख नाही, ते नववीत असताना उघड्या पट्ट्यात गेले. त्याने पत्र्याचे झाकण केले, आणि माझ्यासमोर चार बोल्टांनी आवळले.

नंतर पुन्हा गेलो तेव्हा एका पंपाचा 25 मिलिमीटरचा शाफ्ट लावलेला होता. घाव जरा जास्त खोल घेतला गेला. कटर रुतला, पट्टा किंचाळला. पोराने लगेच बटण दाबले. घसरता पट्टा तसाच चालू ठेवला तर तोही जळतो. अण्णा बाहेरून धावत आले.

"काय मोडलं?"

"काय नाही, अण्णा. घसरला फकस्त."

अण्णांनी वाकून जमिनीवर दात शोधले, मगच गोठ्याकडे परतले.

ज्या सभासदांना जोडणी पाहायची असेल त्यांनी गट कार्यालयात सांगावे. खाच पाडून घ्यायची असल्यास शाफ्ट आणि पुली दोन्ही बरोबर न्यावे. नुसता शाफ्ट नेला तर चावीचे माप चुकते, आणि हेलपाटा पडतो तो पडतोच.