हेलब्रुनची पाणीवाली

सकाळी ९:०५
साल्झबुर्ग स्टेशनवरून २५ नंबरची बस हेलब्रुनला येते. ऑक्टोबर संपत आलाय, हवेत गारठा. आर्चबिशप मार्कुस सिट्टिकुस याने १६१२ नंतर बांधून घेतलेला हा महाल. तेव्हा इथला धर्मगुरू हाच राज्यकर्ता. महालात शयनगृह नाही. दिवसा मौज करायची, रात्री शहरात परतायचं.

९:३०
महालाच्या बागेतल्या कारंज्यांची पहिली फेरी. गाईड बाई पन्नाशीच्या, पायात गमबूट, अंगात रेनकोट. दगडी टेबलापाशी थांबतात. टेबलाच्या मधोमध पन्हळ आहे, वाईन थंड ठेवायला. "बसा कुणीतरी." चार पोरं बसतात. बाई दोन पावलं मागे सरकतात, हात खाली जातो, चावी फिरते. स्टुलांतून कारंजी उडतात. पोरं किंचाळतात. आर्चबिशपचं आसन तेवढं कोरडं. तो उठल्याशिवाय पाहुण्यांनी उठायचं नाही, हा तेव्हाचा रिवाज. भिजत बसायचं.

मी बाईंच्या हाताकडे बघत राहिलो. बोटांची पेरं लाल, सुरकुतलेली. पाणी टेकडीच्या झऱ्यांचं, उताराच्या दाबावर धावणारं, त्यामुळे बारा महिने गारच.

१०:१५
गुहा. पाण्याच्या जोरावर पक्ष्यांच्या शिट्ट्या वाजतात. दुसरीकडे धारेवर धातूचा मुकुट वर चढतो, धार ओसरली की खाली येतो. दर ठिकाणी बोलणं तेच, चावी वेगळी. कुठे उभं राहिलं की आपण भिजत नाही, हे बाईंच्या पायांना पाठ आहे.

११:००
यांत्रिक रंगभूमी. १७५०च्या सुमारास ड्यूर्नबर्गच्या मिठाच्या खाणीतल्या लोरेन्झ रोझेनेगर या कारागिराने केलेली. अख्खं शहर, दोनशेच्या आसपास बाहुल्या, आणि बहुतेक सगळ्या कामात: कोणी बांधकामावर, कोणी दुकानात. सगळं पाण्यावर चालतं. खडखडाट ऐकू येऊ नये म्हणून पाण्यावरच वाजणारा ऑर्गन. साल्झबुर्गची श्रीमंती मिठाची. त्याच खाणीतल्या माणसाने दरबाराची ही करमणूक उभी केली. मला अख्ख्या हेलब्रुनमध्ये हेच सगळ्यात आवडलं.

१२:४०
बाई बाकावर बसून डब्यातला ब्रेड खातात. मोजे बदललेले, ओले बाजूला वाळत. कामाचं विचारलं. "हंगामापुरतं. नोव्हेंबर लागला की पाणी बंद, आम्हीही बंद." दुपारच्या फेऱ्यांत आवाज बसतो, म्हणून थर्मासमध्ये कोमट चहा.

३:३०
ऊन उतरलं. टेबलापाशी पुन्हा चार पोरं, पुन्हा किंचाळ्या. बाई सकाळइतक्याच मनापासून हसतात. हे हसणं कामाचा भाग असेलही, पण खोटं नाही.

४:४५
शेवटची फेरी. गेटाशी बाई प्रत्येकाला निरोप देतात. बहुतेक लोक मोबाइल पुसत पुढे जातात.

जाणार असाल तर एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये जा. बदलायला मोजे न्या. आणि निघताना चावी फिरवणाऱ्या हातावर दोन युरो ठेवा.