फांदी नेमकी कुठे कापावी? व्हाइटफील्डच्या वृक्षराजीमागील ‘वृक्षशल्यकर्मा’चे शास्त्र

बंगळुरू : एप्रिल-मे महिन्यांत सायंकाळी अचानक येणारा वळवाचा पाऊस बंगळुरूकरांना उकाड्यापासून दिलासा देतो. मात्र, त्याच वाऱ्यात रस्त्याकडेची झाडे उन्मळून पडतात, वाहने चिरडली जातात आणि प्रसंगी माणसेही दगावतात. अशा घटनांनंतर ‘धोकादायक झाडे तोडा’ आणि ‘एकही झाड तोडू नका’ अशा परस्परविरोधी मागण्या पुढे येतात. या दोन टोकांच्या मधला मार्ग दाखवणारे कसब म्हणजे वृक्षशल्यकर्म, अर्थात झाडाची तपासणी, छाटणी आणि आवश्यक तेथे सुरक्षित तोड करण्याची विद्या. या विद्येचा पहिला धडा असा, की वादळात कोसळणाऱ्या अनेक झाडांचे दुखणे त्या दिवसाचे नसते. काही वर्षांपूर्वी चुकीच्या जागी कापलेली फांदी किंवा गटारासाठी तोडलेले मूळ त्याला कारणीभूत असते.

वसाहतीपासून तंत्रनगरीपर्यंत

शहराच्या पूर्वेकडील व्हाइटफील्ड हे या प्रश्नाचे ठळक उदाहरण आहे. म्हैसूरचे महाराज चामराज वडियार यांनी १८८२ मध्ये दिलेल्या सुमारे चार हजार एकर जमिनीवर अँग्लो-इंडियन कुटुंबांची ही वसाहत उभी राहिली. ‘इनर सर्कल’ आणि ‘आउटर सर्कल’ या वर्तुळाकार रस्त्यांभोवती प्रशस्त आवारांची घरे आणि मोठी झाडे असे तिचे मूळ रूप होते. नव्वदच्या दशकात येथे आंतरराष्ट्रीय तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले आणि या भागाचा चेहरामोहरा बदलला. २०२३ मध्ये मेट्रोही येथवर पोहोचली. रस्ते रुंद झाले, पदपथ काँक्रीटचे झाले, जमिनीखाली जलवाहिन्या आणि केबल गेल्या. झाडे तेथेच राहिली. त्यांच्या मुळांभोवतीची जमीन मात्र आक्रसत गेली.

बंगळुरूच्या रस्त्यांवर दिसणारे वर्षावृक्ष म्हणजे रेन ट्री मूळचे मध्य व दक्षिण अमेरिकेतील, तर गुलमोहर मादागास्करचा. दोन्ही झपाट्याने वाढतात आणि रुंद छत्र धरतात. मोकळ्या उद्यानात हा गुण ठरतो. अरुंद पदपथावर तोच छत्रभार मुळांच्या ताकदीची परीक्षा पाहतो.

झाडाची जखम ‘भरून’ येत नाही

माणसाच्या त्वचेवरील जखम भरून येते, तशी झाडाची येत नाही. झाड जखमी भागाभोवती रासायनिक व पेशीय भिंती उभारून तो भाग उर्वरित खोडापासून अलग करते आणि बाहेरून नव्या लाकडाचा थर चढवते. अमेरिकी वनसेवेतील शास्त्रज्ञ ॲलेक्स शिगो यांनी शेकडो झाडांची खोडे उभी चिरून ही प्रक्रिया दाखवून दिली आणि १९७०च्या दशकात तिचे सूत्र मांडले. आधुनिक छाटणीचे नियम प्रामुख्याने त्यावर आधारलेले आहेत.

फांदी जेथे खोडाला मिळते तेथे किंचित फुगीर वळे असते. त्याला ‘ब्रँच कॉलर’ म्हणतात. झाडाची संरक्षक यंत्रणा येथेच सर्वाधिक सक्षम असते. फांदी खोडाशी अगदी सपाट कापली, तर हे वळेच नष्ट होते आणि बुरशीला खोडाच्या गाभ्यात थेट प्रवेश मिळतो. उलट, हातभर खुंट ठेवला तर तो वाळून कुजतो आणि कूज आत सरकते. म्हणूनच अचूक काप वळ्याच्या लगत, पण वळे शाबूत ठेवून घ्यावा लागतो.

जड फांदी एकाच कापात तोडली, तर ती पडताना खालची साल सोलत नेते. त्यासाठी तीन कापांची पद्धत आहे. पहिला काप खोडापासून साधारण फूटभर अंतरावर, फांदीच्या खालच्या बाजूने आणि अर्धवट खोल घेतात. दुसरा त्याच्या थोडा बाहेर, वरून पूर्ण घेतात. फांदी तेथे तुटून पडली, की उरलेला हलका खुंट तिसऱ्या कापाने वळ्याजवळ उतरवतात. यासाठी लागणारा वेळ काही मिनिटांचा. त्याचा परिणाम मात्र झाडाच्या पुढील आयुष्यभराचा असतो.

कापावर डांबर किंवा रंग फासण्याची आणि पोकळीत सिमेंट भरण्याची जुनी पद्धत आता कालबाह्य मानली जाते. लेपाने कूज थांबत नाही. त्याखाली ओलावा कोंडण्याची शक्यता असते. खोड वाऱ्यात डोलते, सिमेंट डोलत नाही. त्या घर्षणातून आतील सुदृढ लाकूडही दुखावते.

शेंडा उडवणे आणि एकतर्फी छाटणी

गृहसंकुलांकडून ‘झाड वरून उडवून द्या’ अशी मागणी वारंवार होते. शेंडा आणि मुख्य फांद्या बोडक्या केल्यावर झाड काही महिन्यांतच दाट फुटवे फेकते. त्यामुळे ते सावरल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात हे फुटवे सालीलगतच्या थरातून आलेले असतात आणि त्यांचा जोड कमकुवत असतो. खाली खुंट कुजत असताना वर फुटवे जड होतात आणि काही वर्षांत तेच वाऱ्यात तुटतात. एका वेळी हिरव्या छत्राच्या चतुर्थांशाहून अधिक भाग काढू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. जुन्या झाडांबाबत हे प्रमाण त्याहूनही कमी ठेवले जाते.

वीजवाहिन्यांच्या बाजूच्या फांद्या दरवर्षी कापल्या आणि विरुद्ध बाजू तशीच सोडली, तर झाडाचा तोल ढळतो. त्याच बाजूला गटारासाठी आधारमुळे तोडली गेली असतील, तर पावसाने भिजलेली सैल माती आणि वाऱ्याचा एक झोत पुरेसा ठरतो. झाडाची बहुतांश मुळे जमिनीच्या वरच्या मीटरभर थरात असतात आणि छत्राच्या परिघापलीकडे पसरतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला, त्यामागे मुळांना हवा-पाणी मिळावे हाच हेतू होता.

दोरावरचे काम

कुशल कारागीर करवत हाती घेण्याआधी झाडाभोवती फेरी मारतो. बुंध्याशी उगवलेली कडक छत्राकार बुरशी, खोडाला गेलेली उभी चीर, एका बाजूला उचललेली माती, हातोडीने ठोकल्यावर येणारा पोकळ आवाज या खुणा तो पाहतो. शंका असल्यास ध्वनिलहरींच्या साहाय्याने खोडातील पोकळी मोजणारी उपकरणेही उपलब्ध आहेत. आग्यामोहोळ आणि पक्ष्यांची घरटी आहेत का, हेही आधीच पाहावे लागते. उंचीवर असताना मधमाश्या उठल्या, तर पळायला जागा नसते.

धोका किती, हे साध्या गणितावरून कळते. ओल्या लाकडाचा एक घनमीटर पाऊण ते एक टन भरतो. त्यामुळे एक फूट जाडीची आणि दहा फूट लांबीची फांदी दीडशे ते दोनशे किलोंची असते. ती मोटारींवर किंवा कुंपणावर न पाडता खोडाला गुंडाळलेल्या दोराच्या घर्षणावर हळूहळू उतरवावी लागते. वर एक माणूस असेल, तर खाली दोर सांभाळणारा आणि रस्ता अडवणारा असे किमान दोघे हवेत.

अनेक ठिकाणी मात्र हे काम अनवाणी पायांनी, कमरेला साधा दोर बांधून आणि कोयत्याच्या भरवशावर होते. वस्तुतः कंबरपट्टा, शिरस्त्राण, डोळ्यांचा चष्मा आणि करवत चालवताना दोन स्वतंत्र आधारांना जोडलेले शरीर ही किमान अट आहे. यांत्रिक करवतीच्या पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला, तर करवत क्षणार्धात चालवणाऱ्याच्या दिशेने उसळते. म्हणून ती एका हाताने चालवणे घातक असते. वीजवाहिनीजवळ प्रवाह बंद झाल्याची खात्री केल्याशिवाय झाडावर चढणे म्हणजे मृत्यूला निमंत्रण. ओली फांदीही वीज वाहून नेते.

कायदा काय सांगतो?

कर्नाटक वृक्ष संरक्षण कायदा, १९७६ अन्वये खासगी आवारातील झाड तोडण्यासाठीही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. या कायद्यातील ‘तोड’ या संज्ञेत फांद्या छाटणे, साल काढणे आणि झाडाला अन्य प्रकारे इजा करणे यांचाही समावेश आहे. त्यामुळे ‘फक्त फांद्याच उतरवल्या’ हा बचाव पुरेसा ठरत नाही. २०२५ मध्ये बंगळुरूची पाच महापालिकांत विभागणी झाली असून व्हाइटफील्ड आता पूर्व महापालिकेच्या हद्दीत येते. महाराष्ट्राच्या नागरी भागांत १९७५चा वृक्ष संरक्षण व जतन कायदा लागू आहे. २०२१च्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षे वा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आहे.

नागरिकांनी काय पाहावे?

छाटणीचे काम देताना कोणत्या फांद्या, कोणत्या कारणासाठी आणि कोठून कापणार, हे संकुलांनी लेखी विचारावे. परवानगीची प्रत आणि कामगारांच्या अपघात विम्याचा कागद पाहावा. ‘झाडामागे इतके रुपये’ असा ठोक दर ठरवण्यापूर्वी तपासणीसाठी वेळ द्यावा, कारण अशा दरात घाईलाच मोल मिळते. वाळलेल्या, रोगट आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या आधी काढाव्यात. बंगळुरूत छाटणीसाठी डिसेंबर ते फेब्रुवारीचा कोरडा काळ सोयीचा ठरतो, कारण वळवाचे वारे सुरू होण्यापूर्वी काम उरकते. मुंबई-कोकणात हीच कामे जूनच्या आत संपवावी लागतात.

गाभा पूर्ण कुजलेले झाड वाचवण्याचा हट्ट धरणे जितके धोक्याचे, तितकेच सुदृढ झाड भीतीपोटी बोडके करणेही. या दोहोंतील फरक बुंध्याशी उभे राहून ओळखणारा माणूस व्हाइटफील्डसारख्या भागाला करवतीइतकाच आवश्यक आहे.