किल्ल्याची माती

दसरा उलटला की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, यंदा किल्ला करू दे का हो त्याला?" विचारणाऱ्या असतात रक्ताच्या कर्करोगावर उपचार चालू असलेल्या मुलांच्या आया. मला नाही म्हणावे लागते.

मातीत, पालापाचोळ्यात, माळ्यावरच्या धुळीत अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी सुखाने नांदत असते. तिचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे. श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. तुम्हीआम्ही रोज असे शेकडो बीजाणू ओढतो आणि आपल्याला पत्ताही नसतो, कारण शरीर त्यांचा परस्पर निकाल लावते. पण कर्करोगाची औषधे रक्तातल्या पांढऱ्या पेशींनाही झोडपतात. त्यांतल्या न्यूट्रोफिल पेशी घनमिलिमीटरला ५०० च्या खाली गेल्या आणि दहा-दहा दिवस वर आल्याच नाहीत, तर तोच बीजाणू फुप्फुसात रुजू शकतो, रक्तवाहिन्यांत शिरू शकतो.

म्हणून घरात रंगसफेदी किंवा भिंत फोडणे चालू असेल तेवढे दिवस मुलाला मावशीकडे धाडा, असे मी सांगतो. किल्ला पुठ्ठ्याचा करावा. एका चिमुरड्याने तर स्वतःसारख्या मुखपट्ट्या मावळ्यांनाही बांधल्या होत्या!

गंमत अशी की, या रोगावरचे औषधही मातीतूनच निघाले. अमेरिकेतल्या एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघींनी व्हर्जिनियातल्या एका शेताच्या मातीतून शोधलेले निस्टॅटिन १९५० साली जगापुढे आले. पण ते शिरेतून देता येईना. पाठोपाठ व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या जिवाणूपासून अ‍ॅम्फोटेरिसिन मिळाले. ते शिरेतून देता येते, मात्र हुडहुडी भरते आणि मूत्रपिंडांना जाच होतो. पुढे चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत बांधलेले त्याचे रूप आले. ते मुलांना बरे सोसते. बापाच्या खिशाला सोसत नाही. २०२१ साली काळ्या बुरशीच्या वेळी याच इंजेक्शनासाठी लोक वणवण फिरले होते.

नेहमीची प्रतिजैविके देऊनही चार दिवसांत ताप हटला नाही, की आम्ही बुरशीचा संशय धरतो, छातीचा सीटी स्कॅन काढतो. पण हे चार दिवस इस्पितळात मोजायचे असतात. घरची मंडळी "भाऊबीज तेवढी होऊ दे" म्हणत तापाची गोळी देत राहतात आणि मोजणी सुरूच होत नाही. अशा मुलाचा ताप १००.४ अंशांवर गेला, की पाडव्याची पहाट असली तरी फराळाची ताटे झाकून ठेवा, फाइल काखोटीला मारा आणि निघा.