जपानचा भाताचा देव : दारात कोल्हा, तोंडात लोंबी

जपानमध्ये भातपिकाचा देव म्हणजे इनारी. शिंतो धर्मातल्या या देवाची छोटी देवळं खेडोपाडी, शेताच्या कडेलाही असतात. लाल कमान ही खूण. आत दगडी कोल्ह्यांची जोडी. काहींच्या तोंडात भाताची लोंबी. कोल्हा देव नव्हे, देवाचा निरोप्या. पिकाचे उंदीर खातो म्हणून त्याला मान, असं सांगतात.

दर्शनाची रीत सोपी. कमानीपाशी वाकायचं, हात धुऊन चूळ भरायची, दानपेटीत नाणं टाकायचं. मग दोनदा वाकून नमस्कार, दोन टाळ्या, पुन्हा एक नमस्कार. वसंतात पिकासाठी मागणं, सुगीला आभार.

मात्र २०२० च्या कृषी गणनेत तिथल्या मुख्य शेतकऱ्यांचं सरासरी वय ६८ च्या आसपास निघालं. तरुण शहरात गेले. देऊळ झाडायला, उत्सवाला माणसं कमी पडतात. शेत कसणाराच उरला नाही, तर सुगीचे आभार मानणार कोण?