‘पुराना मंदिर’चा जीर्णोद्धार

मलकापूरहून नांदुऱ्याकडे जाणाऱ्या महामार्गावरील आमच्या वडनेर भोलजीत, व्हिडिओचा अंमल ऐन भरात असताना, कोणाकडे लग्नकार्य उरकले किंवा मंडळाचे गणपती बसले म्हणजे रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन-चार कॅसेटी एका रात्रीच्या भाड्याने आणण्याची चाल होती. आणि त्यांतली पहिली कॅसेट पौराणिक व दुसरी मारधाडीची असली, तरी लेकरे पेंगुळल्यावर लावावयाची तिसरी बहुधा रामसे बंधूंची, म्हणजे भुताची, असे. चित्रात ‘मुंग्या’ आल्या की व्हीसीआरवाला झाकण उघडी, खिशातून एक कोरी नोट काढून तिने हेड पुशी, आणि मग ओट्यावरच्या मंडळींना भूत पुन्हा दिसू लागे. दिसू लागे म्हणजे काय, तर नकलेच्या नकलेवरून उतरविलेल्या त्या फितीत एक काळा आकार हालताना कळे, इतकेच. ‘पुराना मंदिर’मधील सामरी नावाच्या त्या सैतानाचा चेहरा मी खऱ्या अर्थाने पाहिला तो अगदी अलीकडे, चित्रपटाच्या शुद्ध केलेल्या तबकडीवर, आणि ज्याला आपण इतकी वर्षे अंधार समजत होतो तो कॅमेऱ्याचा नसून कॅसेटीचा होता, हे ध्यानात येऊन मन काहीसे ओशाळले.

रामसे हे काही विलायती घराणे नव्हे. फतेहचंद उत्तमचंद रामसिंघानी हे कराचीतील रेडिओचे व्यापारी. गोऱ्या गिऱ्हाइकांच्या जिभेला ‘रामसिंघानी’ पेलेना, म्हणून त्याचे ‘रामसे’ झाले, आणि फाळणीनंतर ते नाव कुटुंबासह मुंबईस आले. 1970 साली त्यांनी काढलेला ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हा चित्रपट पडला. परंतु त्यात भयानक मुखवटा चढवून पृथ्वीराज कपूर चोरी करतात तेवढ्या एका प्रसंगाला प्रेक्षक दचकून दाद देत होते, ही गोष्ट मुलांनी हेरली, आणि 1972 चा ‘दो गज जमीन के नीचे’ त्या निरीक्षणातून जन्मास आला. त्याचे चित्रण महाबळेश्वरी, सगळे बिऱ्हाड बरोबर नेऊन झाले. सात भावांपैकी तुलसी व श्याम दिग्दर्शन करीत, गंगू कॅमेरा धरी, किरण ध्वनी सांभाळी, कुमार कथा लिही, अर्जुन संकलन करी आणि केशू निर्मितीचा इंतजाम पाही. एकत्र कुटुंबाच्या शेतीवाडीसारखाच तो कारभार. 1984 च्या ‘पुराना मंदिर’साठी हवेली बांधण्याऐवजी त्यांनी मुरूडच्या नवाबाचा राजवाडा गाठला. त्याच चित्रपटात अहमदनगरचे सदाशिव अमरापूरकरही आहेत, हे आज पुष्कळांच्या स्मरणात नसेल.

हे चित्रपट मोठ्या शहरांच्या भरवशावर काढलेले नव्हतेच. त्यांची मिळकत तालुक्याच्या टॉकीजमध्ये, जत्रेतल्या तंबूत आणि रात्रीच्या शेवटच्या खेळाला होती. सिनेमाच्या व्यापारात आमचा मुलूख अद्यापि ‘सी. पी. बेरार’ या नावाने ओळखला जातो आणि त्याच्या वितरकांची एक मोठी पेठ अमरावतीस आहे. ज्या प्रांताचे नाव सरकारी दफ्तरातून 1950 सालीच खारीज झाले, तो प्रांत सिनेमाच्या जमाखर्चात जिवंत राहिला आहे. भुतांच्या चित्रपटांना याहून शोभेसा मुलूख दुसरा कोणता मिळता!

आता ‘शुद्ध करणे’ म्हणजे काय, ते पाहू. 35 मिलिमीटरच्या फिल्मवर सेकंदाला 24 चौकटी धावतात. म्हणजे अडीच तासांच्या चित्रपटात दोन लाखांहून अधिक चौकटी झाल्या. टॉकीजमध्ये फिरून घासलेली प्रत नव्हे, तर शक्यतो कॅमेऱ्यातून निघालेली अस्सल निगेटिव्ह मिळवावयाची, ती धुऊन, फाटलेले सांधे जोडून, तिची एकेक चौकट यंत्राने टिपावयाची, आणि मग चरे, डाग, थरथर व विटलेला रंग हे सारे संगणकावर निस्तरावयाचे, असा हा उद्योग आहे. जुन्या रंगीत प्रतीतील निळसर हिरव्या छटेचा रंग बहुधा आधी उडतो, त्यामुळे माणसे, झाडे आणि आकाश सर्व गुलाबी दिसू लागते. त्याहून वाईट आजार फिल्मच्या पट्टीचा. असिटेटची ही पट्टी उष्ण व दमट जागी कुजू लागली म्हणजे तीतून असिटिक आम्ल सुटते, डब्याला सिरक्याचा आंबूस वास येतो, पट्टी आकसते व वाकडी होते. आणि सुटलेले आम्ल पुन्हा त्याच कुजण्याला हातभार लावते. या रोगाला इंग्रजीत ‘व्हिनेगर सिंड्रोम’ म्हणतात, आणि स्वस्त, भडक, उपेक्षित चित्रपटांचा उद्धार करणाऱ्या एका अमेरिकन कंपनीने 2012 मध्ये हेच नाव स्वतःला घेतले. वैद्याने दुकानावर रोगाचीच पाटी लावावी, असा हा प्रकार.

रामसेंना मात्र ‘मोंडो मकाब्रो’ नावाच्या दुसऱ्या एका परदेशी कंपनीने हात दिला. ‘बंद दरवाजा’ व ‘पुराना मंदिर’, ‘वीराना’ व ‘पुरानी हवेली’ अशा जोड्या तिने प्रथम डीव्हीडीवर आणल्या. नंतर ब्लू-रेही निघाल्या. त्यांत गंगू रामसे यांनी धुक्यात सोडलेला तांबडा-निळा प्रकाश जसा टिपला तसा दिसतो, आणि तो माणूस आपले काम जाणून होता हे कोणीही कबूल करील. उलट रबरी मुखवट्याची शिवणही या स्वच्छतेने उघडी पडते व भय निम्मे होते, ही तक्रारही खोटी नाही. आमच्या ओट्यावरच्या मुंग्यांनी रामसेंची पुष्कळ अब्रू राखली होती.

असले चित्रपट जपण्याच्या लायकीचे आहेत काय, असा सवाल सभ्य गृहस्थ विचारतात. त्यांत स्नानाचे प्रसंग गल्ल्यावर डोळा ठेवून घातलेले आहेत, विनोद बाष्कळ आहे, आणि स्त्री ही बहुधा किंचाळण्यापुरतीच आहे. याचे समर्थन मी करणार नाही. पण जुना दस्तऐवज सुवाच्य अक्षरात नाही म्हणून कोणी तो चुलीत घालीत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना 1964 ची. ते नावारूपास आणणारे पी. के. नायर यांची धारणा हीच होती की, संग्राहकाने चित्रपटांत बरे-वाईट असा भेद करू नये. कारण उत्तम म्हणून जपलेलेही सुरक्षित राहतेच असे नाही. 8 जानेवारी 2003 रोजी पुण्यातच प्रभातच्या जुन्या आवारात लागलेल्या आगीत नायट्रेट फिल्मचा मोठा साठा भस्मसात झाला. रामसे बंधूंपैकी तुलसी 2018 मध्ये, श्याम 2019 मध्ये आणि गंगू 2024 मध्ये निवर्तले. अमुक छटा कशी अभिप्रेत होती, हे आता त्यांना विचारता येणार नाही.

म्हणून नांदुरा, मलकापूर, खामगाव या बाजूच्या वाचकांना एक विनंती आहे. बंद पडलेल्या टॉकीजच्या केबिनमध्ये, किंवा एखाद्या जुन्या वितरकाच्या माळ्यावर, पत्र्याचे गोल डबे, पोस्टरांची भेंडोळी अथवा गाण्यांची चोपडी आढळली, तर ती भंगारवाल्याच्या काट्यावर घालू नका. डब्याचे झाकण उघडून वास घ्या. आंबूस येत असेल तर तो डबा प्लास्टिकमध्ये बांधू नका, इतर डब्यांपासून वेगळा, कोरड्या व थंड जागी ठेवा, आणि पुण्याच्या संग्रहालयाला पत्र टाका. वऱ्हाडाचा उन्हाळा फार दिवस थांबणार नाही.