घरच्या विजेचा दर बांधून घ्यावा का?



सोयाबीनचा किंवा कांद्याचा भाव आपण ठरवत नाही. विजेचा दरही आपण ठरवत नाही. घराच्या छतावर सौर संच बसविला, तर पुढील वीस-पंचवीस वर्षांच्या विजेचा खर्च आजच भरून दर बांधून घेता येतो. मात्र हा सौदा प्रत्येक घराला परवडेलच असे नाही. त्यामुळे निर्णयापूर्वी पुढील हिशेब करावा.

बारा महिन्यांची बिले काढा

एका बिलावरून अंदाज बांधू नये. उन्हाळ्यात पंखे, कूलर चालतात व हिवाळ्यात वापर घटतो. बारा महिन्यांच्या युनिटची बेरीज करून सरासरी काढावी. घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटचा दर कमी असतो व १०१ ते ३०० युनिटचा त्याहून बराच जास्त असतो. म्हणून १०० च्या वर ज्यांचा वापर जातो, त्यांना संचाचा फायदा अधिक होतो. स्थिर आकार मात्र संच बसविल्यावरही भरावा लागतो.

एका युनिटचा खर्च काढा

एक किलोवॉटचा संच दिवसाला सरासरी ४ युनिट वीज देतो आणि त्याला सुमारे १० चौरस मीटर सावलीविरहित जागा लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३०,००० रुपये, २ किलोवॉटला ६०,००० रुपये आणि ३ किलोवॉट व त्यावरील संचाला ७८,००० रुपये अनुदान ठरविण्यात आले.

समजा, २ किलोवॉटच्या संचाची किंमत १,३०,००० रुपये आहे. अनुदान वजा जाता ७०,००० रुपये उरतात. वीस वर्षांत एकदा इन्व्हर्टर बदलण्यास २५,००० व देखभालीस २०,००० रुपये धरले, तर एकूण खर्च १,१५,००० रुपये होतो. पट्ट्यांचे वय व धूळ लक्षात घेऊन वर्षाला २,७०० युनिट धरल्यास वीस वर्षांत ५४,००० युनिट मिळतात. म्हणजे युनिटला सुमारे २ रुपये १३ पैसे पडतात. ७०,००० रुपये ७ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी कर्जाऊ घेतले, तर व्याजाचे सुमारे १३,००० रुपये वाढून हाच खर्च २ रुपये ३७ पैसे होतो.

आता दुसरे घर पाहू. तेथे महिन्याला फक्त ६० युनिट लागतात. १ किलोवॉटच्या संचाला अनुदान वजा जाता ४०,००० आणि इन्व्हर्टर व देखभालीस ४०,००० असे ८०,००० रुपये धरले, तर वीस वर्षांत वापरल्या जाणाऱ्या १४,४०० युनिटवर हा खर्च साडेपाच रुपयांच्या वर जातो. शिल्लक युनिटचे वर्षअखेर मिळणारे पैसे येथे धरलेले नाहीत. ते मिळाल्यास, तसेच राज्याचे जादा अनुदान लागू असल्यास, खर्च काहीसा उतरेल. तरीही वापर कमी असेल तर घाई करू नये, हेच यावरून दिसते.

या दोन्ही उदाहरणांतील किमती नमुन्यादाखल आहेत. आपल्या गावी मिळालेले दरपत्रक व आपल्या बिलावरील दर घालून हाच हिशेब पुन्हा करावा.

या गोष्टी विसरू नका

१) ग्रिडला जोडलेला साधा संच वीज गेली की भर उन्हातही बंद पडतो. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या सुरक्षिततेसाठी तशी रचना असते. भारनियमनात दिवे हवे असल्यास बॅटरी लागते व खर्च वाढतो.

२) अनुदान संच सुरू झाल्यानंतर बँक खात्यात जमा होते. तोपर्यंतच्या पैशाची सोय आधी करावी.

३) कर्जाचा हप्ता दरमहा येतो, आपले उत्पन्न मात्र सुगीला येते. पीककर्जाची किंवा बी-बियाण्यांची रक्कम संचात अडकवू नये. पेरणी चुकली तर वाचलेले वीजबिल ती भरून काढत नाही.

४) छतावर आंब्या-चिंचेची सावली पडत असेल, किंवा पत्रे व वासे जुने असतील, तर आधी त्याचा बंदोबस्त करावा. पट्ट्यांचे तोंड दक्षिणेस असावे.

५) मळणीच्या दिवसांत पट्ट्यांवर धूळ व भुसा साचतो. सकाळी पट्ट्या थंड असताना त्या साध्या पाण्याने धुवाव्यात.

६) शेतपंपाची जोडणी वेगळी असते. घरच्या संचाच्या हिशेबात पंपाचा वापर धरू नये.

निर्णय कसा घ्यावा?

महिन्याची सरासरी १०० युनिटच्या वर आहे, छत पक्के आहे आणि सुरुवातीची रक्कम शेतीच्या भांडवलाला हात न लावता उभी राहते, अशा घराने दर बांधून घेण्यास हरकत नाही. यांपैकी एक गोष्ट जरी कमी असेल, तरी थांबावे. योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत ठरविलेली आहे. त्यामुळे अर्जापूर्वी अनुदानाची सद्यःस्थिती महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्यावी आणि किमान तीन नोंदणीकृत पुरवठादारांची लेखी दरपत्रके मागवावीत. बियाणे घेताना आपण जशी पिशवीवरची चिठ्ठी वाचतो, तशीच या दरपत्रकातील हमीची कलमेही वाचूनच सही करावी.